सकाळी सात. सर्वांनी.

मोजकं लिहावं तर आमच्यासारख्याने! एक शब्द जास्त सापडला तर दाखवा!

आमच्या बैठ्या घरांमागचा ओढा सडला होता. बावीस घरांपैकी कुणाचा तरी संडास गटाराऐवजी थेट ओढ्यात उतरत होता. कुणाचा? मी सभा घेतली. घरटी एक रंगाची पुडी वाटली, प्रत्येकाचा रंग वेगळा. यादी माझ्या खिशात.

“पुडी संडासात टाकायची, साखळी ओढायची. कधी, ते कळवतो. ज्याचा रंग ओढ्यात येईल, त्याच्या संडासाला दुरुस्ती होईपर्यंत कुलूप! मी स्वतः लावणार!”

टाळ्या! कुलूप आणूनही दाखवलं.

सूचना क्रमांक एक:

ओढा. सकाळी सात. सर्वांनी.

(म्हणजे ओढ्यावर जमा, मग एकेका घराची तपासणी. स्पष्ट आहे की नाही?)

सात वाजले. ओढ्यात गुडघाभर पाण्यात मी. काठावर? कुत्रंसुद्धा नाही! घरी फोन लावला.

“अगं, लोक कुठे आहेत?”

“आपापल्या संडासात! तुम्हीच लिहिलंत ना, ओढा म्हणून!”

“अगं, तो ओढा म्हणजे हा ओढा!”

“हा कुठला?”

“ज्यात मी उभा आहे तो!”

“अगोबाई! मी तर ओढली!”

बदाबदा! पाठीमागच्या पाइपातून निळ्या पाण्याचा असा लोंढा आला, की कमरेखाली मी शाईची दौत झालो!

पण सापडला ना चोर! मी बोंब ठोकली. बावीस घरं धावत आली. मी ओली यादी काढली.

“निळा! निळा म्हणजे घर क्रमांक…”

“वाचा की!” शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले.

“अक्षर लागत नाहीये.”

“अक्षर तुमचंच ना?”

“अक्षर माझंच.” मी घसा खाकरला. “संडासही.”

घरचं नळकाम बायकोच्या सख्ख्या भावाने केलं होतं. “भावजी, जवळचा रस्ता काढलाय,” असं तो म्हणाला होता, आणि मी त्याला शाबासकीही दिली होती!

कुलूप मीच लावलं. सर्वांसमोर. किल्ली मास्तरांकडे.

सूचना क्रमांक दोन मी लिहिलेली नाही. ती मास्तर रोज सकाळी तोंडी देतात. मी बादली घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणतात,

“या, या! आणि आठवणीने ओढा!”