मागच्या माणसाचं काय?

गाडीच्या शोरूममध्ये शिरून स्टिअरिंगकडे ढुंकूनही न बघता थेट मागच्या सीटवर जाऊन बसणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे खांबेटेकाका. मागे बसायचं, डोळे मिटायचे, गुडघे हलवून बघायचे आणि मग विकणाऱ्याला विचारायचं, "ते सगळं ठीक आहे हो, पण मागच्या माणसाचं काय?"

डीमन या आमच्या डच गावातल्या मराठी मंडळींना हे वाक्य तोंडपाठ आहे. पुण्या-मुंबईहून कोणाचेही आईवडील येणार असले की पहिला फोन काकांना. काका आपली जुनी निळी स्टेशनवॅगन घेऊन स्किपोल विमानतळावर हजर, हातात देवनागरीतली पाटी: 'यावे काकू'. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मुलाला जवळ घ्यायच्या आधी त्यांनी या पाटीला नमस्कार केला होता. गाडीत पुढच्या सीटवर आल्याच्या चहाचा मोठा थर्मास, त्याला सीटबेल्ट बांधलेला. नाही बांधला तर गाडी कोकलते. घरची माणसं मागे दाटीवाटीने बसणार, त्यांच्या गप्पांना ऊत येणार आणि काका समोर बघत मुकाट्याने गाडी हाकणार. सगळ्यांना दारात सोडलं की "बॅगा मोजून घ्या" म्हणून एकटे वर निघून जाणार. लग्न केलेलं नाही, इथल्याच स्लोटरडाइक भागातल्या ऑफिसातून रिटायर झालेले, त्यामुळे वर वाट बघणारंही कोणी नाही.

यंदा एपीकेला, म्हणजे इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीला, निळी गाडी नापास झाली. घरातलं कोणी आयसीयूत असावं अशा चेहऱ्याने काका माझ्याकडे आले. "नवी घ्यावी लागणार. तुझं डच बरं आहे. चल."

गेले मी. पण सोबत दोन भरलेल्या बॅगाही निघाल्या. डिकीचं माप कागदावर बघणं काकांना मान्य नाही. आत तांदळाच्या पिशव्या भरलेल्या. "रिकामी बॅग खोटं बोलते," काका म्हणाले. शोरूममधल्या मुलीला वाटलं, आम्ही विमानातून उतरून तडक गाडी घ्यायलाच आलोय. तिने बिचारीने आधी पाणी दिलं.

ती एका चार्जमध्ये गाडी किती लांब जाते ते सांगू लागली. "स्किपोल इथून हाकेच्या अंतरावर आहे," काका म्हणाले, "साडी नेसलेल्या बाईला पाय न उचलता आत बसता येईल का ते सांगा." याचं डच मला जमेना. शेवटी मी ओढणी साडीसारखी गुंडाळून चढून-उतरून दाखवलं. आजूबाजूची गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या सोडून बघत राहिली.

मग त्या मुलीने अगदी सरळ प्रश्न विचारला. "घरात माणसं किती?"

"एक," काका म्हणाले.

तिने आम्हाला एका लहानशा लाल गाडीपाशी नेलं. गाडी गोड होती, कुठेही पार्क झाली असती. "काका, खरंच, एकट्याला ही पुष्कळ झाली," मी म्हटलं.

काका त्या गाडीकडे बघत राहिले. मग बॅगेवरून हात फिरवत फक्त मला ऐकू येईल इतपत हळू म्हणाले, "अगं, ही घेतली तर मला फोन कोण करेल?"

मला फार वाईट वाटलं. कारण फोन तसेही कमी झाले होते. नव्याने आलेली मुलं मोबाइलवर टॅक्सी बोलावतात, काकांना उगाच त्रास नको म्हणून. चांगल्या मनानेच करतात. काकांना ते कोण सांगणार?

काकांनी सात जणांची गाडी घेतली. पुढच्या सीटला गरम होण्याची सोय आहे, असं ती मुलगी कौतुकाने सांगत होती. "तिथं कोण बसतंय!" म्हणून काकांनी विषय संपवला.

गाडी आली, बिल्डिंगखाली उभी राहिली. फोन काही आला नाही. एका रविवारी खिडकीतून बघते तर काका स्वतःच मागच्या सीटवर बसलेले, दार उघडं टाकून. मी चपला घालून खाली गेले.

"काका, चला, एक चक्कर मारून येऊ."

काका टुणकन उतरले. "बस बस, मागे ऐसपैस आहे."

मी पुढचं दार उघडलं. थर्मासचा बेल्ट सोडला, त्याला मांडीवर घेतलं आणि बसले.

"अगं, तिथं कशाला? मागे..."

"मागून बोलता येत नाही."

थर्मास नसलेल्या त्या सीटकडे काकांनी दोनदा बघितलं आणि गाडी काढली. कालव्याच्या कडेने बरंच पुढे गेल्यावर त्यांनी हळूच एक बटण दाबलं. "गरम होते म्हणे. बघ बरं."

मग प्रत्येक सिग्नलला एकच प्रश्न. "झाली का गं?"

"झाली काका. छान ऊब येतेय."

काकांनी मान डोलावली. सिग्नल हिरवा झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"पुढच्या रविवारीही एकदा बघायला हवं," ते म्हणाले. "आज झाली म्हणजे रोज होईलच असं नाही."