सबनीस काकांच्या नकाशातला मंगोलिया

आमच्या सबनीस काकांच्या जगात मंगोलिया नाही. चुकून राहिलेला नाही, काकांनी विचारपूर्वक काढून टाकलाय. का, म्हणून विचारलं तर उलट मलाच विचारतात, "केकमध्ये त्याचं काय जातं?"

आता यावर काय बोलणार? काही जात नाही.

इथे हिंदी मुलखात, बाग सेवनियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका तळमजल्यावर राहतात आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. कारखान्यात मशिनींबरोबर आयुष्य काढून रिटायर झालेला हा माणूस रोज संध्याकाळी कॉलनीतली मुलं जमवून भूगोल शिकवतो. फुकट. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. पण शिकवतो कशावरून? तर केक, पाव आणि बिस्किटं भाजायच्या चित्रांच्या पुस्तकांवरून! जवाहर चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून पिशव्या भरभरून आणलेली इंग्रजी पुस्तकं. एकात अस्वल पाव भाजतंय, एकात कुणी पोरगी नाकापर्यंत पिठात बुडालीय. काका पान उघडतात, चित्रावर बोट ठेवतात आणि इथल्या बोलीत गरजतात, "को खाँ! ही दालचिनी आली कुठून?" की लगेच पोरं धावत जाऊन श्रीलंकेत उभी राहतात.

ही श्रीलंका हॉलच्या फरशीवर आहे. सगळं जगच तिथे आहे, खडूनं काढलेलं. मादागास्कर व्हॅनिलामुळे सतरंजीएवढा झालाय. गव्हाचा मान शेजारच्या सीहोरला, म्हणून सीहोर फ्रान्सपेक्षा मोठं. रशिया चपलांच्या रॅकखाली गेलाय. कामवाली बाई रोज फक्त समुद्र पुसते. एकदा तिच्या हातून चुकून इंडोनेशिया पुसला गेला तर काका तिच्यावर ओरडले, "अगं, जायफळ कोण देणार आता?"

मी भूगोल घेऊन बी.ए. केलंय. फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. परतवाड्याला वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ग्रीसचा डाग पडू नये म्हणून माझा ॲटलस ते दोन मनगटांत धरून आणून द्यायचे. जगातल्या सगळ्या राजधान्या मला पाठ आहेत आणि मी ते लपवत नाही. डिग्री फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावलीय. आणि त्याच हॉलमध्ये बसून माझ्या पोटची पोर, चौथीतली ओवी, विषुववृत्ताला 'ओव्हनची मधली जाळी' म्हणते.

"मधल्या जाळीवर सगळ्यात जास्त शेकतं, आई. टोकांना कच्चं राहतं. म्हणून तिथे बर्फ."

मी चूक काढायला गेले. सापडली नाही. त्यामुळे जास्तच राग आला.

काकांची भाषाही सगळी पिठातली. उत्तर बरोबर आलं की "फुगलं!" चुकलं की "कच्चं आहे, परत आत घाला." दुसऱ्याच्या आधी घाईनं ओरडलं की "करपलं." आणि मूल अडलं की "मळ अजून, मळ." आमच्या घरी हल्ली नवरा ऑफिसला निघताना किल्ली शोधायला लागला की ओवी शांतपणे म्हणते, "बाबा, मळा अजून."

बरं, या माणसानं जन्मात कधी केक केला असेल म्हणाल तर नाव नको. घरात ओव्हन नाही. डायबिटीस असल्यामुळे साखर बंद. म्हणजे भूगोल काकांचा आणि केक मात्र आम्ही आयांनी करायचा. पोरं तासावरून भुकेजून येतात आणि जे चित्रात पाहिलं तेच मागतात. मी दिवसभर ऑफिसात फायलींशी झगडून आलेली. कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी काढून केक ठेवला, तर तो खालून काळा आणि वरून वाळूसारखा झाला. ओवीनं एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "आई, सहारा झालाय."

जिन्यात भेटले की मी काकांना टोकायचेच. "काका, पोरांना राजधान्या शिकवा. परीक्षेत राजधान्या विचारतात."

"राजधानीत काय पिकतं, बी.ए. बाई?" काका मला याच नावानं हाक मारतात. "नुसते मंत्री."

काकू कधी जिन्यात दिसल्या नाहीत. "तिला जरा बरं नसतं," एवढंच काका म्हणत. आतल्या खोलीला पडदा असायचा. मी कधी खोलात शिरले नाही. आपल्यालाच आपले व्याप काय कमी असतात?

मग शाळेची तोंडी परीक्षा झाली. ओवीच्या टीचरचा मला ऑफिसात फोन आला.

"मैम, सब सही बताया उसने. बस आख़िरी सवाल पे चुप हो गई. आता था उसको, मैं देख रही थी. बस मुस्कुराती रही, जैसे किसी का रास्ता देख रही हो. और आपकी कॉलोनी का वो अर्णव है ना, उसने भी यही किया."

संध्याकाळी मी ओवीला समोर उभं केलं. "उत्तर येत होतं?"

"हो."

"मग तोंडात काय मूग भरले होते?"

"शेवटचं आपण नसतं सांगायचं, आई," ओवी म्हणाली. मला एवढं साधं कसं कळत नाही, अशा आवाजात. "शेवटचं आजी सांगतात."

"कोण आजी?"

"खालच्या. काकांच्या."

"हे मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"तू विचारलंस का? तू फक्त राजधान्या विचारतेस."

मी तिचा हात धरला आणि तशीच खाली गेले. तास सुरू व्हायचा होता, मुलं चपला काढत होती. मी दारातूनच तोंड सोडलं. पोरीचे मार्क गेले, तुमच्या या खुळापायी गेले, उद्यापासून ती येणार नाही, आणि बाकीच्या आयांनाही मी सांगणार आहे. मग इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं. "अहो, मंगोलियासुद्धा माहीत नाही या पोरांना! अख्खा मंगोलिया! एवढा मोठा देश आहे, काका! केकला काही देत नाही म्हणून काय मंगोलियानं जगातून नाहीसं व्हायचं?"

काका नेहमीसारखे उलटून बोलतील असं वाटलं होतं. पण ते पडद्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून नका पाठवू. पण आजचा तास बसा. आज पोरं कमी झाली तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होईल."

मी बसले. खुर्ची नेमकी पॅसिफिकमध्ये होती.

काकांनी पडदा सरकवला. आतल्या दारात, हॉलकडे तोंड करून, काकू बसल्या होत्या. स्वच्छ इस्त्रीची साडी, नीट अंबाडा, मांडीवर ते अस्वलाचं पुस्तक. नजर मात्र कुठेच नाही.

"शाळेत भूगोल शिकवायची," काका माझ्याजवळ वाकून म्हणाले. "माझ्या दसपट येतो तिला. यायचा. आता माझं नावसुद्धा रोज आठवत नाही. ॲटलस दिला तर मिटून ठेवते. ही खाण्याची पुस्तकं दिली की पानं उलटते. का, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. एकदा असंच दालचिनीचं चित्र बघून 'श्रीलंका' म्हणाली. म्हटलं, चला, दालचिनी तर दालचिनी." त्यांनी पडदा आणखी जरा सारला. "एकट्या माझ्यासमोर बोलत नाही. वर्ग लागतो तिला. मी पोरांचा तास घेत नाही हो, तिचा घेतो."

"आणि आता सांगतात उत्तरं?"

"दिवाळीपासून नाही," काका म्हणाले आणि पुस्तक उघडून उभे राहिले.

तास सुरू झाला. मनुका कुठून, कोको कुठून, लवंग कुठून. पोरं नाचत होती, "फुगलं" होत होतं, "करपलं" होत होतं. मग काकांनी काकूंच्या मांडीवरच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. पांढरंशुभ्र क्रीम, त्यावर व्हॅनिलाची शेंग.

"शेवटचा प्रश्न," काका म्हणाले. "व्हॅनिला आली कुठून?"

पोरं जागच्या जागी बसली. त्या वांड अर्णवनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ओवी टीचरसमोर हसली असेल तशीच हसत, दाराकडे बघत होती. माझ्या ऑफिसातली मोठी माणसंसुद्धा याहून कमी शिस्तीची, आणि मीही त्यातलीच. प्रश्न विचारला आणि उत्तर येत असलं की माझा हात लहानपणापासून आपोआप वर जातो. मी तो मांडीखाली दाबून ठेवला.

पंखा फिरत होता. काकूंची बोटं क्रीमच्या चित्रावरून फिरत होती. काका पुस्तक मिटायला लागले. रोज असंच मिटत असणार.

"मंगोलिया," काकू म्हणाल्या.

आवाज खणखणीत. मागच्या बाकापर्यंत जाणारा, बाईंचा आवाज.

पोरांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. खोलीत चूक काढणारी मी एकटीच. ओवी सरपटत माझ्याजवळ आली आणि कानात पुटपुटली, "आई, खरं मादागास्कर आहे. आम्हाला माहितीये. तू काही बोलू नको."

"तिनं ऐकलं," काका कोणाला तरी सांगत होते, कोणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. "तुमचं आत्ताचं ऐकलं हो तिनं. धरून ठेवलं." मग त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडले, "फुगलं!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी आमच्याकडे जरा रागानंच पाहिलं, वर्गात गोंधळ झाल्यावर बघतात तसं. सगळे चूप झाले.

काका खडू घेऊन नकाशावर ओणवे झाले. आफ्रिकेपासून चपलांच्या रॅकपर्यंत शोधून झालं आणि मग तसेच, गुडघ्यांवर, माझ्याकडे वळले.

"बी.ए. बाई, कुठे असतो हो हा?"

मी पॅसिफिकमधून उठले. चपलांचा रॅक भिंतीकडे ढकलला, खालून रशिया थोडा मोकळा केला, आणि त्याच्या नि चीनच्या मध्ये मंगोलिया काढला. मला प्रमाणात नकाशा काढता येतो. हा जरा मोठाच काढला.