कोपराखालचं सुख

माणसाला हात दोन मिळाले, पण काम नसताना ते ठेवायचे कुठे, याची सोय करायची राहून गेली. गरिबाला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण त्याचे हात रिकामे नसतात. (रिकामे असले तर तो ते पसरतो, तो विषय दुसऱ्या खात्याचा.) पण ज्याने घराच्या किमतीची गाडी घेतली, त्याचं कोपर लोंबकळत राहिलं तर त्या किमतीला अर्थ काय?

म्हणून, डोंगर चढू शकणाऱ्या पण बाजारापलीकडे न जाणाऱ्या दांडग्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीने पुढच्या दोन सीटांमधल्या आर्मरेस्टसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्याचं कागदोपत्री नाव 'अग्रासन बाहुविश्राम विभाग'. ब्रेकच्या विभागात चार माणसं होती, या विभागात एकोणीस. यात गैर काही नाही. ब्रेक माणूस अधूनमधून दाबतो, कोपर सदा टेकलेलंच असतं.

विभागाच्या प्रमुखांना सगळे कोपरसाहेब म्हणत. हा चेष्टेचा भाग नव्हता. केबिनच्या दारावर पाटी लावायला आलेल्या पेंटरनेही तेच नाव विचारलं होतं. कोपरसाहेब सज्जन आणि कष्टाळू. मीटिंगमध्ये डावं कोपर नमुन्यावर टेकवून डोळे मिटत, तेव्हा एकोणीस माणसं श्वास रोखून धरत. मग ते म्हणत, "अजून थोडं मऊ." आणि विभागाला पुढचे सहा महिने काम मिळे.

विभागापुढचा मूळ पेच असा, की आर्मरेस्ट एक आणि कोपरं दोन. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे जुन्या लोकांना फुकटात कळलं होतं. विभागाने त्यासाठी शंभर नवरा-बायकोंची पाहणी केली. त्रेचाळीस जोडप्यांत आर्मरेस्ट नवऱ्याच्या ताब्यात निघाला, त्रेचाळीस जोडप्यांत बायकोच्या. उरलेली चौदा जोडपी पाहणीला वेगवेगळ्या गाड्यांनी आली. तेव्हा आर्मरेस्ट रुंद करायचं ठरलं. तो इतका रुंद झाला की मधे तिसरा माणूस बसावा. पण तिसरा आला असता तर त्याच्या कोपराचा प्रश्न आला असता, म्हणून तिथे पाण्याच्या बाटल्यांचा गार खण केला. मग कळलं, की कोपर आर्मरेस्टच्या चार बोटं वर राहतं. आर्मरेस्ट वर घ्यावा तर गिअर झाकला जातो. विभागाने विचारपूर्वक माणूसच चार बोटं खाली घेतला. सीट खोल झाली, मऊ झाली, आणि बसणारा तिच्यात तळ्यात दगड जावा तसा जाऊ लागला.

आता कोपरसाहेबांच्या घरची हकीकत सांगितली पाहिजे, कारण थोर माणसांना घरही असतं.

घरी आई होती. आईची एक लाकडी खुर्ची होती, खिडकीपाशी. त्या खुर्चीचा उजवा हात मागच्या वर्षी निखळला. आईचे गुडघे गेलेले. त्या हातावर भार देऊन ती उठायची. हात निघाल्यापासून उठायला हाक मारावी लागे. जन्मभर तिने कुणाला हाक मारली नव्हती, लोकांनी तिला मारली होती. त्यामुळे ती आधी बराच वेळ नुसती बसून राही, मग घसा खाकरी, आणि अगदीच निकड आली की हळूच म्हणे, "कुणी आहे का रे?"

"अहो, सुताराला बोलावते मी," बायको म्हणाली. "दोन स्क्रूचं काम आहे."

"सुतार?" कोपरसाहेबांचा घास हातात राहिला. "आर्मरेस्ट विभागाच्या प्रमुखाच्या घरी सुतार? ऑफिसात कळलं तर?"

"मग तुम्ही बसवा."

"असा कसा बसवू? आधी उंची ठरायला हवी. मग कोन."

"उंची काय ठरवायची? भोकं आहेत खुर्चीला. जिथून निघाला तिथेच लावायचा."

"तुला या विषयातलं कळत नाही."

"नाही ना कळत. म्हणून तर आईंना मी उठवते, नि तुम्ही अभ्यास करता."

"रविवारी बघतो म्हटलं ना," कोपरसाहेब म्हणाले. असे रविवार बरेच येऊन गेले होते. कोपराचे जाणकार ते. आईच्या कोपराला गूळ लावून ठेवायचं त्यांना बरोबर जमलं होतं.

इकडे नवी गाडी बाजारात जायची वेळ झाली, आणि नियमाप्रमाणे एक चाचणी उरली: वयोवृद्ध कोपराची. तोवरच्या सगळ्या चाचण्या ऑफिसातल्या तरण्याताठ्या कारकुनांवर झाल्या होत्या. (त्यांच्यातला एकही ती गाडी घेऊ शकत नव्हता, म्हणून त्यांची मतं निःपक्षपाती धरली जात.) कोपरसाहेबांनी आईचं नाव सुचवलं.

आई लगेच तयार झाली. सुनेला हळूच म्हणाली, "तिथे एकोणीस जण हेच काम करतात म्हणे. एखादा तरी बसवून देईल." आणि कपाटावरचा खुर्चीचा हात पुसून तिने कापडी पिशवीत घातला.

चाचणीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. माणसाला सीटवर बसवायचं, कोपर टेकायला सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. सुख संपलं की माणूस आपणहून उठतो. तोवर जितका वेळ गेला, तितका त्या आर्मरेस्टचा सुखांक. आजवरचा उच्चांक चाळीस मिनिटं. तो एका कारकुनाने झोप लागल्यामुळे केला होता.

दोघांनी आईला सीटवर बसवलं. मांडीवर पिशवी. फोम बघणारी पोरगी वाकून म्हणाली, "कसं वाटतंय आजी?"

"मऊ आहे गं बाई."

टाळ्या झाल्या. मग सगळे गप्प.

थोड्या वेळाने आईला उठावंसं वाटलं. तिने आर्मरेस्टवर भार दिला. कोपर लोण्यात जावं तसं आत गेलं. दुसरीकडे दाराला हात लावायला गेली. दार लांब होतं. हाक मारावी, तर समोर लेकाचे साहेब लोक, लेकाची लाज. तिने घसा खाकरला. फोमवाल्या पोरीने 'समाधानाचा उद्गार' अशी नोंद केली.

चाळीस मिनिटं उलटली. विभागात कुजबुज सुरू झाली. जेवणाची सुट्टी झाली, लोक जेवून आले. आई बसलेलीच. कंपनीच्या मोठ्या साहेबांना निरोप गेला. ते स्वतः खाली आले.

"काय आजी, उठावंसं वाटत नाही ना?"

"वाटतंय की बाबा. केव्हाचं वाटतंय. पण उठताच येत नाही."

"ऐकलंत?" मोठे साहेब सगळ्यांकडे वळले. "उठताच येत नाही, म्हणतात! याला म्हणतात आर्मरेस्ट!"

लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. कोपरसाहेबांचे डोळे भरून आले. त्या गलक्यात आईने पिशवीतून लाकडी हात काढला आणि जवळ होती म्हणून त्या पोरीपुढे धरला. "एवढं बसवून देतं का गं कुणी? माझ्या खुर्चीचा आहे."

पोरगी चांगली होती. तिने तो नीट हातात घेतला. हातोहाती तो सगळ्या विभागात फिरला. एकाने अंगठ्याने दाबून पाहिला, दुसऱ्याने ठोकून. एकमत झालं: फोम नाही, खण नाही, कठीणपणा अक्षम्य. मोठे साहेब हळहळले, "कशावर दिवस काढले बिचाऱ्यांनी!" आणि तो हात स्वागतकक्षात काचेच्या पेटीत ठेवायचा त्यांनी जागच्या जागी हुकूम दिला.

आईला चौघांनी उचलून बाहेर काढलं. त्यांत कोपरसाहेब नव्हते. ते अभिनंदन स्वीकारत होते.

गाडी धडाक्याने खपली. 'बसलात की उठताच येत नाही' ही जाहिरात पोरांच्या तोंडी झाली. कोपरसाहेबांना बढती मिळाली. घरी त्यांनी खुर्चीसाठी सुतार बोलवायला परवानगी देऊन टाकली, मन मोठं करून. सुतार आला, खुर्चीची दोन भोकं बघून म्हणाला, "हात कुठाय?" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, कोपरापासून नमस्कार केला आणि आत निघून गेली.

आईने त्यानंतर विषय काढला नाही. आता ती हाकही मारत नाही, खाकरतही नाही. खिडकीपाशी बसून असते. कोपरसाहेब सांगतात, ऑफिसात यश आल्यापासून आईची तब्येत शांत आहे.

विभागाने आता कामाचा विस्तार केला आहे. घराघरांतल्या म्हाताऱ्यांचा सुखांक काढायचा आहे. त्यासाठी गाडीची गरज नाही. ज्या घरात आतल्या खोलीतून हाक येत नाही, त्या घराला पूर्ण गुण. तुम्ही मघापासून कोपर टेकून हे वाचता आहात आणि एवढ्या वेळात तुम्हाला कुणी हाक मारलेली नाही. तेव्हा तुमचेही पूर्ण गुण मांडून ठेवले आहेत. उठून बघायची गरज नाही.