ग्रिलवर काही वाळत घालू नको!

ओट्यात बसवलेली बिजलीची ग्रिल आमच्या सौंसरच्या गल्लीत सगळ्यात पहिले कोणाच्या घरी आली? माह्या! आता छाती फुगून राहिली, त्यात माहा काय दोष?

पण खरं सांगू का? ग्रिल आणली ती सासऱ्यांसाठी. पांढुर्ण्याचे यशवंतराव. चारचौघांत माही ओळख करून देताना त्यांचं एकच वाक्य, "आमचे जवाईबापू बोलण्यात पक्के, करण्यात कच्चे!" मांडवात म्हणून झालं, बारशात म्हणून झालं, आता तर संत्र्याच्या बगीच्यात व्यापाऱ्यासमोरही म्हणतात! मी ठरवलं, येत्या रविवारी स्वतःच्या हातानं ग्रिलवर भरीत भाजायचं, त्यांच्या ताटात वाढायचं अन् ते वाक्य बंद पाडायचं!

गजेंद्र इलेक्ट्रिशियननं ग्रिलसाठी जाड वायरची वेगळी लाइन टाकली, अर्थिंग दिलं अन् म्हणाला, "कुलदीपभाऊ, पहिल्यांदा रिकामीच तापवा. नव्या कॉइलचा थोडा धूर निघन, भिऊ नका. झाकण उघडं ठेवा. अन् वर काही ठेवू नका."

"अरे, मले काय शिकवून राहिला!"

तरी रविवारी वांगे आणायले निघताना आईले बजावलंच, "आई, ग्रिलवर काही वाळत घालू नको, बरं!"

"नाही घालत, बाप्पा!"

परत आलो तर मामाजी, म्हणजे माहे सासरे, सोफ्यावर हजर. पण उघड्या डोक्यानं! नळावर तोंड धुताना त्यांची पांढरी टोपी बादलीत पडली होती म्हणे. मी म्हटलं, वाळन कुठंतरी! थेट किचनात गेलो, बटन फिरवलं अन् ऐटीत बाहेर आलो. झाकण बंद होतं, पण बोलायच्या नादात तिकडं पाहते कोण!

"मामाजी, आता धूर निघन. घाबरायचं नाही!"

धूर निघाला.

"पाहा! सांगितलं होतं नं?"

"अवो, लई निघून राहिला!" दामिनी, म्हणजे माही बायको, उठून उभी राहिली.

"कॉइलचा आहे तो! बस तू!"

"जळल्याचा वास येऊन राहिला!"

"नवेपणाचा वास आहे!"

मामाजींनी नाक वर केलं. "जवाईबापू, वास ओळखीचा वाटून राहिला."

"सगळ्या कंपन्यांचा असाच असते, मामाजी!"

"कायच्या कंपन्या! हा तर माह्या आवळ्याच्या तेलाचा वास होय!" त्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला. "माही टोपी कुठं आहे?"

सगळे किचनात धावलो. आईनं पाण्याची बादली उचलली.

"आई, पाणी नको! करंट आहे!" मी ओरडलो अन् स्वतः खुर्चीवर चढलो. दामिनीनं मात्र मुकाट्यानं ग्रिलच्या लाइनचं मेन बटन पाडलं अन् सांडशीनं झाकण उचललं. आत मामाजींची टोपी! खालून काळे पट्टे, वरून बदामी रंग, सँडविचसारखी!

"आई! ग्रिलवर काही घालू नको म्हटलं होतं नं तुले!"

"मंग मी कुठं घातलं?" आई माह्यावरच कडाडली. "पाहाय नं! ग्रिल मोकळीच आहे!"

तिचं बोट खिडकीकडं होतं. खिडकीच्या ज्या लोखंडी ग्रिलवर रोज टॉवेल, धोतर, पायपुसणं लटकलेलं असते, तिच्यावर आज चिंधीसुद्धा नव्हती!

"तू नाही म्हटलं म्हणून या नव्या जाळीवर ठेवली. वरून झाकणही घातलं, माकडं नेतीन म्हणून!"

आता बोला!

मामाजींनी टोपी सांडशीनं उलटीपालटी करून पाहिली. मले वाटलं, आता जवाईही भाजला जाते!

"जवाईबापू," ते म्हणाले, "माहा शब्द मागं घेतो. कच्चं काहीच नाही राहिलं. दोन्हीकडून भाजलं!"

भरीत शेवटी त्यांनीच अंगणात तुराट्यांच्या जाळावर भाजलं, डोक्याले माहा टॉवेल गुंडाळून. काय चव होती, वा! मी कोथिंबीर निवडली.

पण मंडळी, ते वाक्य मी बंद पाडलंच! आता मामाजी चारचौघांत म्हणतात, "लोकायचे जवाई सासऱ्याले टोपी घालतात. आमच्यानं भाजली!"