पाव्हण्याची अर्धी मांडी

दत्ताराम साळवे नव्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी गुडघ्यांकडे बघत. कुणी नमस्कार केला की "बसा, बसा" म्हणत, आणि तो बसला की खिशातली टेप काढून त्याच्या गुडघ्यापासून समोरच्या टेबलापर्यंतचं अंतर मोजत. "तोंड खोटं बोलतं हो, गुडघा न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. एका सहकाऱ्याच्या लग्नात नवरदेव फुलांच्या गाडीत पुढे बसला, तर साळव्यांनी दार उघडून त्यालाच दटावलं, "नवरदेव, सीट चार बोटं मागं घ्या. आजच्या दिवशी गुडगं फोडून घेता का?" हसली आधी नवरी.

नगरजवळच्या एका खाजगी कार्यशाळेत आम्ही मोटारींच्या सुरक्षेच्या चाचण्या घेत असू. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अधिकारी, ते तंत्रज्ञ. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना 'अरे साळवे' म्हणत असे. आज अहोजाहो करतो आहे, ते उशिराच.

तेव्हा एका कंपनीची गुडघ्यांसाठीची एअरबॅग आमच्याकडे आली होती. धडक बसली की डॅशबोर्डखालून पिशवी फुगायची आणि गुडघे थोपवायची, म्हणजे माणूस पट्ट्याखालून पुढे घसरणार नाही. चाचणी माणसाच्या मापाच्या बाहुल्यावर. साळवे त्याला 'पाव्हणं' म्हणत आणि रोज सकाळी विचारत, "पाव्हणं, पाठ धरली का?"

सगळ्या चाचण्या पार पडल्या. अहवालावर माझी सही तेवढी राहिली होती. साळवे टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, पाव्हणं बसायला चुकतंय."

"म्हणजे?"

"आपली मानसं अशी बसत्यात व्हय? लांब जायचं म्हनलं की चप्पल काढायची अन् एक पाय सीटवर. राजूरच्या रस्त्याला उभं ऱ्हाऊन बघा. पुढं बसलेला अर्धी मांडी घालूनच असतो."

"अरे साळवे, कसं बसवायचं ते पुस्तकात दिलंय."

"पुस्तक लिवनारा टेबलावर जेवतो, साहेब. आपन पाटावर."

मी नाही म्हटलं. ते हलेनात. "एक पिशवी उरलीय. एकदाच करू."

खरं सांगायचं तर गंमत म्हणून मी परवानगी दिली. सगळी कार्यशाळा जमली. साळव्यांनी बाहुल्याचे बूट अदबीने काढून बाजूला ठेवले, खुब्याचा बोल्ट सैल केला, एक पाय महत्प्रयासाने दुमडून सीटवर घेतला. "विलायती हाडं, मांडीची सवय न्हाई," ते पुटपुटले. "पाव्हणं, आता घरच्यासारखं बसा." आम्ही पोट धरून हसत होतो.

धडक दिली, पिशवी फुगली आणि हसणं थांबलं. दुमडलेला पाय वर उडाला होता, गुडघा हनुवटीखाली बसला होता आणि मान मागे वळली होती. साळव्यांनी तो पाय दोन्ही हातांनी धरून हळूच खाली ठेवला.

मी अहवाल नव्याने लिहिला. कंपनीने पिशवीचा जोर आणि घडी बदलली, गाडीच्या पुस्तिकेत 'पाय वर घेऊन बसू नका' असं चित्रासह छापलं. अहवालात मी लिहिलं होतं, 'माझ्या निदर्शनास आले.' त्या तीन शब्दांवर मला बढती मिळाली, सत्कार झाला. मागच्या रांगेत बसून साळव्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या.

ती चाचणी माझी नव्हती. ती दत्ताराम साळवे यांची होती. मी तर नकोच म्हणत होतो. ज्यांचे पाय त्या बदलामुळे वाचले असतील, त्यांनी आभार त्यांचे मानावेत. माझ्यासकट. कारण माझ्या हातून आयुष्यात जे एक उपयोगाचं काम झालं, ते त्यांनी माझ्याकडून हट्टाने करून घेतलं.

हे सांगायला मी निवृत्तीनंतर सावेडीला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी भिंतीला धरत बाहेर आल्या. खुर्चीत बसल्या, पण उजवा पाय सरळच राहिला. "पायाला काय झालं?" मी विचारलं. साळवे खिडकीकडे बघू लागले.

"लई जुनं हाय," बाई म्हणाल्या. "बेलापूरहून जीपनं येत हुतो. ह्येच म्हनले, दमलीस, पाय वर घेऊन आरामात बस. म्होरं बैलगाडी आडवी आली."

इतकी वर्षं शेजारी काम केलं आणि मी त्यांच्या घरचं कधी विचारलं नव्हतं.

"साळवे, त्या अहवालावर तुमचं नाव हवं होतं," मी कसंबसं म्हणालो. "मी ते घातलं नाही. मुद्दामच."

"ठावं हाय की." ते म्हणाले. "साहेब, 'पाय वर घे' हे माझ्या तोंडून गेलं, ते काय परत घेता येत न्हाई. तुमी 'घेऊ नका' असं छापून आनलंत. माझं तेवढंच मागनं हुतं."

चहा टाकायला बाई उठू लागल्या. साळव्यांनी बोलता बोलता, तिकडे न बघताच हात पुढे केला, आणि बाईंनीही न बघताच तो धरला.