उलटं पडलेलं कासव

राष्ट्रीय युवा स्वयंसेवा समन्वय मंडळाच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली आणि मंडळाचा स्वयंसेवेशी पहिला प्रत्यक्ष संबंध आला. संचालकांना चौथ्या मजल्यावरून चालत उतरावं लागलं. तळमजल्यावर, जिन्याखाली, एक तरुणी एका लहान मुलीला वाचायला शिकवत होती.

तरुणी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. लहान मुलगी इमारतीचे जिने पुसणाऱ्या बाईंची. आईचं काम होईपर्यंत ती पायरीवर नुसती बसून राही, म्हणून तरुणीने दुकान बंद झाल्यावर तिच्याजवळ बसून पुस्तक उघडायला सुरुवात केली होती. मुलगी ओळीखालून बोट फिरवत वाचायची. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं आणि जीभ बाहेर यायची. त्या दिवशी गोष्टीतलं कासव उताणं पडलं होतं, त्याचे पाय हवेत हलत होते आणि पान उलटायचं बाकी होतं.

"कोणाच्या वतीने चाललंय हे?" संचालकांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही, काका. अशीच शिकवते."

संचालकांना दोन शब्द लागले. एक 'अशीच', दुसरा 'काका'. देशातल्या युवकांचं प्रतिनिधित्व ते दोन दशकं करत होते.

मंडळ कोणाचंही काम बंद पाडत नाही, हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. मंडळ कामाला दिशा देतं. दुसऱ्याच दिवशी एक समन्वयक खाली आले आणि पायरीवर रुमाल पसरून बसले.

"हिला आणखी कोणी शिकवतं का?"

"नाही."

"म्हणजे कामाची द्विरुक्ती नाही."

"नाही ना."

"पण ती टाळली कोणी? आपोआप टळून चालत नाही. टाळलेली दिसली पाहिजे."

"कासवाला सरळ कोण करतं?" मुलीने मध्येच विचारलं.

"तेच ठरवायला आलोय, बाळ," समन्वयक म्हणाले.

तरुणीला प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. विषय होता 'मुलाशेजारी बसण्याची मूलतत्त्वे'. शिकवणाऱ्या तज्ज्ञांना मूल बघून बराच काळ लोटला होता, पण बसण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. तरुणी पहिली आली. आता एवढ्या गुणी मुलीला परत जिन्याखाली बसवणं म्हणजे राष्ट्रीय साधनसंपत्तीची नासाडी. तिला चौथ्या मजल्यावर खुर्ची मिळाली. मानधन दुकानातल्या पगाराहून बरं होतं. घरी आई म्हणाली, "आता नीट टिकून राहा. उगाच कुणाला उलट बोलू नकोस." काम सोपं होतं: जिन्याखालच्या रिकाम्या जागेसाठी स्वयंसेवक शोधणे.

तिने शोधला. दुर्दैवाने तोही गुणी निघाला आणि वर आला. त्याच्यानंतरचाही. चौथा मजला भरला तेव्हा मंडळाने तिसरा घेतला.

एका संध्याकाळी मुलगी पुस्तक छातीशी धरून वर आली.

"ताई, कासव?"

ताईने पुस्तक पाहिलं. पान तेच होतं, फक्त त्याचा कोपरा मळून मऊ पडला होता. ती संचालकांकडे गेली. काका म्हणायची सवय तिची केव्हाच सुटली होती.

"सर, पाच मिनिटं खाली जाऊन येऊ?"

"जा की. आम्ही कुणाला अडवत नाही. पण तुम्ही खाली बसलात की जागा भरलेली दिसेल. जागा भरली की गरज संपली. गरज संपली की हे दोन मजले कशासाठी?" मग त्यांनी आवाज मऊ केला. "आणि हिच्यासारख्या हजारो मुली आहेत, त्यांचं काय?"

हजारो मुलींपुढे दारात उभी असलेली एक मुलगी फारच लहान दिसू लागली.

"पुढच्या बैठकीत घेते हं, राणी," ताई म्हणाली.

आणि खरोखरच बैठकीत कासव घेण्यात आलं. वन्यप्राणी हा विषय मंडळाच्या अखत्यारीत येत नसल्याने ते उताणं पडल्याची बाब संबंधित खात्याला कळवावी, असं एकमताने ठरलं. ताईनेही हात वर केला.

मुलगी हल्ली जिन्याखालीच बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "पुढचं वाचून दाखवता?" लोक थांबतात, तिच्या डोक्यावरून हात फिरवतात, हळहळतात. हिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, असं अगदी मनापासून म्हणतात आणि घड्याळ बघत निघतात.

तुमच्याही मनात आत्ता तेच आलं ना? मंडळाच्या नियमावलीत याला पात्रता म्हणतात. मदत व्हायला हवी आणि ती दुसऱ्या कोणीतरी करायला हवी, असं ज्याला तळमळीने वाटतं, तो समन्वयक. तुमची नेमणूक झाली असं समजा. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची मांडून ठेवली आहे. लिफ्ट आता दुरुस्त झाली आहे, तीच वापरा. जिन्याने येऊ नका. तिथे एक मुलगी बसलेली असते.