विजोड दिव्यांची गाडी

आमच्या जनूकाकांनी एकदा लग्नाची गाडी नवरा-नवरीसकट चाळीस मिनिटं अडवून धरली होती. संध्याकाळी वरात बिल्डिंगच्या फाटकातून आत आली. वरमाय ओवाळायला पुढे होणार, तोच काका पुढे झाले. "उजवा मंद हाय," ते ड्रायव्हरला म्हणाले, "बॉनेट उघड." बॉनेटवर सजवलेली बाहुली होती. ती काकांनी अलगद सोडवून नवरदेवाच्या मांडीवर ठेवली. पाठराखीण म्हणून आलेली मावशी ओरडायला लागली, तेव्हा काका तिला म्हणाले, "मुहूर्त दुपारीच झाला ना? मग आता कसली घाई?" त्यांनी उजव्या दिव्याचा बल्ब बदलला. मग धडधाकट असलेला डावाही बदलला. त्यानंतर कुठे नवरीचा पाय जमिनीला लागला.

जनूकाका म्हणजे जनार्दन म्हात्रे. मूळचे पेणच्या खाडीकडचे, वडील मिठागरावर कामाला. काका रोह्याला कंपनीत इलेक्ट्रिशियन झाले, तिन्ही शिफ्टा करून निवृत्त झाले आणि कुंडलिका नदीच्या काठच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. तळमजल्यावर मी. निवृत्तीनंतर लोक भजनाला जातात, गुडघ्यांबद्दल बोलतात. काका गाड्यांच्या हेडलाइटचे बल्ब बदलतात. नदीपलीकडच्या अष्टमी गावापासून वरसे गावापर्यंत कुणाच्याही गाडीचा दिवा गेला की मालक नवे बल्ब घेऊन आमच्या फाटकात हजर. गॅरेजवाल्यांवर काकांचा काडीचा विश्वास नाही. "ते बल्ब बोटानं धरतात," एवढंच ते सांगतात, आणि तेही खून झाल्याची बातमी सांगावी तशा आवाजात.

खरं तर पाच मिनिटांचं काम. काकांकडे त्याला दीड तास लागतो. आधी इंजिन गार होऊ द्यायचं, तोवर मालकाने वर येऊन चहा प्यायचा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. गरज असो वा नसो, ती निघतेच, आणि त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही गाडीतलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत नाही. मग दिव्यामागची रबरी टोपी काढायची, तारेची क्लिप सोडवायची आणि नवा बल्ब काकूंच्या जुन्या व्हॉइलच्या साडीच्या तुकड्यात धरून बसवायचा. "काचंला बोट नको लावू! बोटाचं तेल लागलं की बल्ब तिथंच तापून मरतो." मी एकदा चुकून बोट लावलं होतं. काकांनी तो बल्ब स्पिरिटने पुसला आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलताना आधी माझ्या बोटांकडे बघितलं.

आणि बल्ब बदलायचे ते जोडीनंच. एक गेला असला तरी दोन्ही. "दोघं एका दिवशी लागलेत, सारखेच जळलेत. एक नवा नि एक जुना लावलास तर एक पांढरा दिसणार, एक पिवळा. गाडी काय चकणी करायची हाय?" काढलेला चांगला बल्ब गाडीच्या नंबराची चिठ्ठी गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. शेवटी दिवेलागणीला गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी करायची. भिंतीवर काकांनी कोळशाने रेघा मारल्यात. दोन्ही झोत त्या रेघांवर समसमान पडले, तरच मालकाला घरी जायची परवानगी. सोसायटीने भिंत दोनदा रंगवली आणि काकांनी दोनदा रेघा पुन्हा ओढल्या.

म्हणूनच मला वैशूच्या गाडीचं नवल वाटायचं. वैशू ही काकांची एकुलती एक लेक. पेणला बँकेत होती, तिथेच खोली घेऊन राहायची आणि दर शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन घरी यायची. तिच्या गाडीचा उजवा दिवा पांढरा शुभ्र आणि डावा हळदीसारखा पिवळा! मी एकदा काकांना गाठलंच.

"काका, सगळ्या जगाचे दिवे जोडीनं, आणि लेकीच्या गाडीला हा काय प्रकार?"

"तिची वायरिंग वेगळी हाय."

"वायरिंगचा आणि रंगाचा काय संबंध?"

"तू कॉलेजात काय शिकवतोस?"

"इतिहास."

"मग तेवढाच शिकव."

गेल्या दिवाळीनंतर वैशूची बदली नागपूरला झाली. एवढ्या लांब जुनी गाडी न्यायची कशाला, म्हणून ती मी घेतली. मलाही रोज एसटीने पेणचं कॉलेज गाठायचा कंटाळा आला होता. किल्ली द्यायला काका स्वतः खाली आले. मी म्हटलं, "आता तेवढी जोडी बदलून द्या." काका म्हणाले, "बदलू." मग त्यांचा खांदा दुखायला लागला. मग हवा दमट होती. मग व्हॉइलचं फडकं धुवायला टाकलेलं होतं. लग्नाची वरात अडवणारा माणूस माझ्या गाडीला मात्र महिनाभर हात लावेना. मला थोडा रागच आला. शेवटी मी पेणच्या दुकानातून बल्बची जोडी विकत घेतली आणि ठरवलं की रविवारी आपणच बसवायची, भले बोट लागो.

तो शनिवार होता. अष्टमीचा पूल ओलांडून मी घरी आलो तर फाटक आधीच उघडलेलं, आणि फाटकात काका उभे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. गाडीत मला पाहून म्हणाले, "तू व्हय." आणि पाठ फिरवून टाकीच्या नळावर उगाच हात धुवायला लागले.

वरून काकूंनी हाक मारली, "सर, या वर. चहा उकळलाय."

मी पिशवी घेऊन वर गेलो. ताटात घावणे झाकून ठेवले होते. काकूंनी मला गॅलरीत नेलं. समोर कुंडलिका आणि तिच्यावरचा पूल, पुलावरून इकडे येणाऱ्या गाड्यांचे दिवे.

"एक पांढरा, एक पिवळा दिसला की हे वरडायचे, ठेव गो चहा, आली! वैशू जिना चढेपर्यंत चहा तयार. त्या डब्यातला सगळ्यात पिवळा बल्ब हुडकून यांनीच लावलेला."

"पण काकू, गाडी आता माझी आहे."

"यांना म्हाईत नाय व्हय? किल्ली यांनीच दिली ना? तरी शनिवारी उठतात नि शर्ट घालतात. मी पन घावणे करते. दोघंबी सारखीच येडी."

महिनाभर मी या माणसावर चिडलो होतो.

एवढ्यात काका वर आले. टॉवेलला हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या बल्ब आण. बदलून टाकतो. आपलं खूळ लोकांच्या गाडीला कशाला?"

"आणणार होतो," मी म्हणालो, "पण दुकान बंद होतं."

बल्बचं खोकं माझ्या पिशवीतून अर्धं बाहेर आलेलं होतं. काकांनी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्यासमोर बसले आणि घावण्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

"शनिवारी पेणहून किती वाजता निघतोस?"

"साडेपाचला."

"म्हंजे पावणेसातला पुलावर." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "गो, पुढच्या शनिवारी चार घावणे जास्ती कर."

ती जोडी अजून माझ्या कपाटात, खोक्यातच आहे. परवा नागोठण्याच्या नाक्यावर हवालदाराने मला थांबवलं. गाडीसमोर उभं राहून त्याने दोन्ही दिवे निरखले आणि विचारलं, "काय सर, हे असं एक पांढरं, एक पिवळं?"

मी म्हणालो, "साहेब, हिची वायरिंग वेगळी आहे."